छपरावरची तार

उज्जैन नगरीत येणारा यात्रेकरू बहुधा मान वर करून चालतो. त्याला महाकालेश्वराचे शिखर पाहावयाचे असते, गोपाळ मंदिराचा कळस पाहावयाचा असतो. हे गोपाळ मंदिर दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई यांनी बांधविले. आणि 1810 साली शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरीस गेली, तोवर हे शहर मराठी राज्यकारभाराचे एक मोठे ठाणे होते. म्हणूनच मराठी माणसाला येथे फारसे परकेपण वाटत नाही. परंतु शिखराकडे जाणारी त्याची दृष्टी वाटेत दुसऱ्याच एका वस्तूला ओलांडून जाते आणि तिची दखलही घेत नाही. ती वस्तू म्हणजे विजेची तार.

ही तार खांबावरून निघते, गल्ली ओलांडते, कोणाच्या वळचणीवरून हातभर अंतराने जाते, कोणाच्या पन्हळी पत्र्याच्या कडेवर विसावते, तर कोठे लोखंडी जिन्याला चाटून पुढे सरकते. रोज डोळ्यांसमोर असते म्हणूनच ती दिसेनाशी होते. हा देखावा एकट्या उज्जैनचा नव्हे. वसईत, नाशिकला, संगमनेरला, आपल्या कोणत्याही धर्मग्रामात वाचकाने आज सायंकाळी अंगणात उभे राहून वर पाहिले, तर तो त्यास बहुधा आढळेल. विजेची तार आणि धातूचे छप्पर यांचा शेजार इतका घातक का ठरतो, आणि गृहस्थाने त्याबाबत काय करावे, याचा विचार आपण आज करू.

श्रावणातील एक सोमवार

28 जुलै 2025 हा श्रावणी सोमवार होता. उत्तर प्रदेशातील बाराबंकी जिल्ह्यात अवसानेश्वर महादेवाच्या मंदिरी उजाडण्यापूर्वीच भाविकांची दाटी झाली होती. प्रशासनाने नंतर सांगितले त्याप्रमाणे, माकडांनी वरच्या तारेवर उड्या घेतल्या. तार जुनी होती, ती तुटली आणि आवारातील पत्र्याच्या मांडवावर पडली. पत्र्यात वीज उतरली. लोक भयभीत होऊन पळत सुटले आणि चेंगराचेंगरी झाली. दोघांचे प्राण गेले, कित्येक जखमी झाले.

ही घटना उज्जैनपासून शेकडो कोस दूर घडली. परंतु उज्जैनकराला तिच्यात आपलेच गाव दिसावे. तेथेही श्रावणातल्या सोमवारी महाकालाची सवारी अरुंद रस्त्यांतून निघते. तेथेही माकडे आहेत, जुन्या तारा आहेत, आणि गर्दीला ऊनपावसापासून आसरा देणारे पत्र्याचे मांडव आहेत. त्यातच 2028 साली सिंहस्थ येणार आहे. क्षिप्रेच्या काठी त्या वेळी एक तात्पुरते शहरच वसते, आणि ते शहर लोखंडी नळ्या, पत्रे, कापड आणि विजेच्या तारा यांचेच बनलेले असते. मागच्या सिंहस्थात, 5 मे 2016 रोजी, वादळी पावसाने तेथील अनेक मांडव कोसळले आणि सात जण दगावले. उन्हाळ्याच्या अखेरीस माळव्यात असे वादळ उठणे हे काही नवल नाही. ज्या वाऱ्यात मांडव उडतो, त्याच वाऱ्यात तारही तुटते. आणि उडालेला पत्रा कोठे जाऊन पडेल, याचा भरवसा कोणी द्यावा?

दोन प्रकारच्या तारा

आता ही वीज आपल्या दारी येते तरी कशी, ते थोडक्यात पाहू. चंबळेवरील गांधीसागर धरणाचे वीजगृह 1960 साली सुरू झाले. अशा वीजगृहांतून निघालेली वीज मोठ्या मनोऱ्यांवरून लक्षावधी व्होल्टच्या दाबाने दूरवर नेतात. शहराजवळ तिचा दाब पायरीपायरीने उतरवीत 33 हजार आणि पुढे 11 हजार व्होल्टवर आणतात. गल्लीच्या तोंडाशी जो ट्रान्सफॉर्मर असतो, ज्याला गावकरी डीपी म्हणतात, तो हा दाब आणखी उतरवितो. आणि मग आपल्या घरात 230 व्होल्टची वीज येते.

म्हणजे सामान्य वस्तीत आपल्या डोक्यावर दोन प्रकारच्या तारा असतात. एक, 11 हजार व्होल्टची. ती खांबाच्या माथ्यावर चिनीमातीच्या रोधकांवर बसविलेली असते आणि बहुधा पूर्णपणे उघडी असते. ऊनपावसाने काळवंडलेली ही ॲल्युमिनियमची तार पाहून अनेकांना वाटते, की तिच्यावर रबराचे वेष्टन आहे. तसे काही नसते. या तारेच्या अगदी निकट लोखंडी वस्तू गेली, तर प्रत्यक्ष स्पर्श होण्यापूर्वीच ठिणगी झेप घेऊ शकते.

दुसरी तार खांबापासून घराच्या मीटरपर्यंत येते. हिला आपण सर्व्हिस वायर म्हणतो. तिच्यावर वेष्टन असते, म्हणून लोक निर्धास्त असतात. परंतु ती वाऱ्याने हलते. हलताना पत्र्याच्या धारदार कडेवर घासते. आणि माळव्याचा वैशाख तिच्या वेष्टनाला भाजून काढतो. काही वर्षांत वेष्टन कडक होते, भेगाळते, आणि एके दिवशी आतली तार पत्र्याला टेकते. त्या क्षणी आवाज होत नाही, ठिणगी दिसत नाही, घरातला दिवा मिणमिणतदेखील नाही. आणि तरीही संपूर्ण छप्पर जिवंत झालेले असते.

पत्रा काय करतो

कौलारू छपरावर तार टेकली, तर धोका बहुतांशी तार टेकली तेवढ्याच जागी राहतो. कौल हे भाजलेल्या मातीचे. कोरडे असता ते विजेला वाट देत नाही. पत्र्याची गोष्ट निराळी. एका टोकाला टेकलेली वीज क्षणार्धात दुसऱ्या टोकाला पोहोचते. पत्रा लोखंडी कैचीवर बसविलेला असेल, तर ती कैचीत उतरते, कैचीतून खांबात, खांबातून दाराच्या चौकटीत, आणि चौकटीला बांधलेल्या कपडे वाळविण्याच्या तारेत. दोष छपराच्या मागच्या कोपऱ्यात असतो. आणि धक्का बसतो तो पुढल्या अंगणात ओली लुगडी वाळत घालणाऱ्या गृहिणीला.

पत्रा लाकडी वाशांवर असेल तर बिघाड अधिकच लपून राहतो. कोरडे लाकूड आणि कोरडी मातीची भिंत विजेला जमिनीपर्यंत जाऊ देत नाही. छप्पर तसेच दबा धरून बसते. मग पहिला पाऊस येतो, वासे भिजतात, भिंत ओलावते आणि अनवाणी माणूस ओल्या जमिनीवर उभा राहून पागोळ्यांखाली बादली सरकविण्यासाठी पत्र्याचा आधार घेतो. जी वाट विजेला आठ महिने सापडली नव्हती, ती तिला त्याच्या देहातून सापडते.

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. “असे काही झाले तर फ्यूज उडेलच,” असे आपण धरून चालतो. हा हिशेब करून पाहावा. ओल्या अंगाचा विजेला होणारा रोध सुमारे एक हजार ओहम धरला, तर 230 व्होल्टचा दाब त्या देहातून 230 मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या चतुर्थांशाहूनही कमी प्रवाह लोटतो. घरातला लहानातला लहान फ्यूजदेखील सामान्यतः पाच अँपिअरचा असतो. त्याला या प्रवाहाची जाणीवही होत नाही. माणसाचे हृदय मात्र 50 ते 100 मिलिअँपिअर प्रवाहानेच आपला ताल सोडू शकते. आणि त्याहूनही कितीतरी कमी, दहा-पंधरा मिलिअँपिअर प्रवाहाने हाताचे स्नायू असे आखडतात, की धरलेली वस्तू सुटत नाही. फ्यूज हा तारा तापून घराला आग लागू नये म्हणून आहे. माणसाच्या रक्षणाचे काम त्याच्याकडे कधी सोपविलेलेच नव्हते.

ते काम करणारे एक साधन आहे. अर्थ लीकेज सर्किट ब्रेकर या नावाने ते मिळते. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत 30 मिलिअँपिअरचा फरक पडताच ते डोळ्याचे पाते लवण्याच्या आत प्रवाह तोडते. प्रत्येक घरात ते असावेच. परंतु त्याचीही एक मर्यादा ध्यानात ठेवावी. ते मीटरच्या पुढे, घराच्या आत बसविलेले असते. त्याच्या पुढच्या बिघाडावर तेवढी त्याची नजर असते. खांबापासून मीटरपर्यंतची तार पत्र्याला टेकली, तर हा पहारेकरी दाराच्या आत उभा आणि चोर छपरावर, अशी स्थिती होते. त्या पल्ल्यावर पहारा असतो तो दूरच्या डीपीवरील मोठ्या फ्यूजचा, आणि तो शंभर घरांचा भार वाहण्याइतका जाड असतो. म्हणूनच छपरावरून जाणारा तारेचा हा तुकडा घरातील सर्वांत असुरक्षित तुकडा होय.

तार खाली आली नाही, घर वर गेले

तारा आणि इमारती यांत किती अंतर असावे, हे 1956 सालच्या भारतीय विद्युत् नियमांनी ठरवून दिले होते; पुढे 2010 च्या नियमावलीतही हीच मापे आली. घराला वीज देणाऱ्या कमी दाबाच्या उघड्या तारेखाली छपरापासून निदान अडीच मीटर, म्हणजे सुमारे आठ फूट जागा मोकळी हवी. बाजूने निदान 1.2 मीटर, म्हणजे चार फूट. 11 हजार व्होल्टच्या तारेखाली 3.7 मीटर, म्हणजे बारा फूट हवे आणि बाजूने चार फूट. 33 हजार व्होल्टची तार असेल, तर बाजूचे अंतर दोन मीटर हवे. ही अंतरे मोजावयाची ती तार उन्हाने जास्तीत जास्त लोंबली असता आणि वाऱ्याने जास्तीत जास्त झुकली असता. हिवाळ्यातल्या शांत सकाळी ताणून बसलेली तार पाहून केलेला अंदाज येथे उपयोगी पडत नाही.

प्रत्यक्षात काय घडते? घर बांधले तेव्हा अंतर पुरेसे असते. मग मुलाचे लग्न ठरते आणि गच्चीवर एक खोली चढते. खोलीवर पत्रा येतो. पत्र्यावर पाण्याची टाकी येते, टाकीपर्यंत लोखंडी शिडी येते. तार जेथे होती तेथेच राहते. घर मात्र तिच्याकडे चढत जाते. वास्तविक, तारेजवळ नवी इमारत उभारण्यापूर्वी, जुनी वाढविण्यापूर्वी, एवढेच नव्हे तर परांची बांधण्यापूर्वीही वीज कंपनीला लेखी कळवावे, असा नियम 1956 पासून आहे. किती जणांनी कधी असे पत्र लिहिले असेल?

बांधकाम चालू असतानाचा धोका तर आणखी मोठा. बाजारात लोखंडी नळी मिळते ती सहा मीटरची, म्हणजे जवळजवळ वीस फुटांची. रस्ता ओलांडणारी 11 हजार व्होल्टची तार नियमाने जमिनीपासून 6.1 मीटर उंच असावी लागते. रस्त्यापासून दूर मोकळ्या जागी 4.6 मीटर पुरते. म्हणजे मोकळ्या मैदानात एखाद्याने नळी सरळ उभी केली, की ती तारेच्याही वर जाते. दहा फूट उंचीच्या छपरावर उभा राहिलेला कारागीर बारा फुटी पत्रा उभा धरतो तेव्हाही हाच हिशेब लागू होतो. ओला बांबूही सुरक्षित समजू नये. पाणी प्यालेला बांबू विजेला वाट देतो.

मोठ्या मनोऱ्यांवरील तारांचा एक निराळाच प्रकार आहे. 132 हजार किंवा त्याहून अधिक दाबाच्या तारेखाली पत्र्याचा गोठा किंवा तारेचे कुंपण असले, तर कोणताही स्पर्श न होता त्या धातूत वीज भरते आणि हात लावताच चटका बसतो. लोक त्याला भुताटकीदेखील म्हणतात. हा केवळ त्या तारेभोवतीच्या विद्युत्क्षेत्राचा परिणाम होय. आणि त्या पत्र्याला जमिनीशी जाड तारेने जोडणे हा त्याचा उपाय. अशा मार्गांसाठी 132 हजार व्होल्टला 27 मीटर आणि 220 हजार व्होल्टला 35 मीटर रुंदीचा पट्टा लागतो. त्या पट्ट्यात घर न बांधणे हेच शहाणपण.

काळी माती आणि आकडा

माळव्याची काळी माती कापसाला आणि सोयाबीनला मानवते. विजेच्या खांबाला ती मानवत नाही. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातहात खोल भेगा पाडते. त्यामुळे खांब हळूहळू कलतो. खांब कलला, की एका बाजूची तार ताणली जाते आणि दुसऱ्या बाजूची लोंबते. विदर्भात आणि मराठवाड्यातही मातीचा स्वभाव हाच.

याच मातीमुळे भूसंपर्काचाही, म्हणजे ज्याला आपण अर्थिंग म्हणतो त्याचाही, घोटाळा होतो. उन्हाळ्यात माती पुरलेल्या पट्टीपासून सुटते आणि भूसंपर्क नावालाच उरतो. समजा त्याचा रोध वीस ओहम झाला. मग 230 व्होल्टची तार पत्र्याला टेकली तरी जमिनीत जेमतेम साडेअकरा अँपिअर प्रवाह जाईल. डीपीचा फ्यूज स्वस्थ राहील आणि छप्परही जिवंत राहील. म्हणून जुने तंत्रज्ञ पट्टीभोवती कोळसा आणि मीठ घालीत आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतावयास सांगत. ही रीत वेडगळ नव्हती.

निसर्गाच्या दोषाला मनुष्याचा दोष येऊन मिळतो. त्याचे नाव आकडा. खांबावरील उघड्या तारेवर आकडा टाकून घेतलेली वीज ही चोरी तर आहेच. 2003 च्या विद्युत् अधिनियमाने तीस तीन वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. परंतु तिचे पाप चोरीपाशी थांबत नाही. 1997 सालच्या ऑगस्टमधील एका पावसाळी रात्री मध्य प्रदेशातील एक कामगार सायकलीवरून घरी परतत होता. रस्त्यात पाणी साचले होते आणि त्या पाण्यात एक जिवंत तार पडली होती. ती त्याला दिसली नाही. तो जागीच गेला. विद्युत् मंडळाने न्यायालयात म्हटले, की ती तार आमची नव्हेच; कोणी तरी चोरून वीज घेण्यासाठी ती जोडली होती आणि ती सुटून पडली. सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली हा बचाव फेटाळला. इतकी घातक वस्तू जो पुरवितो, त्याच्यावर तिच्यापासून होणाऱ्या हानीची जबाबदारी राहतेच. दुसऱ्याने चोरी केली म्हणून ती टळत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

त्या विधवेला भरपाई मिळाली, हे योग्यच झाले. परंतु ज्याने आकडा टाकला, त्याला त्या रात्री सायकलीवरून येणाऱ्या माणसाशी काही वैर होते काय? मुळीच नाही. त्याला फक्त थोडी फुकट वीज हवी होती. आपल्या देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात आणि त्या यादीत मध्य प्रदेशाचे नाव वरच्या जागी असते. त्यांतील बहुतेकांना कोणी मारलेले नसते. कोणी तरी फक्त पाहावयाचे राहिलेले असते.

आपल्या धर्मग्रामात

वाचक म्हणतील, या गोष्टी वीज कंपनीच्या आहेत, यात्रेच्या आहेत. आमचा त्यांच्याशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. उज्जैनचा कॅथॉलिक धर्मप्रांत तसा तरुण. 1968 साली मिशनक्षेत्र म्हणून त्याची स्थापना झाली आणि 1977 साली तो पूर्ण धर्मप्रांत झाला. खेड्यातील मिशनची सुरुवात कोठेही बहुधा पत्र्याखालीच होते: पत्र्याचे प्रार्थनागृह, पत्र्याचे वसतिगृह, पत्र्याची पाकगृहे. आणि आपले सण म्हणजे तरी काय? पताकांच्या दोऱ्या, कमानी, उंच खांब, रोषणाईच्या माळा, आणि नाताळात जितकी उंच जाईल तितकी उंच चढविलेली चांदणी.

1 मार्च 2025 रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातील एनयम पुत्तनतुरै या किनाऱ्यावरील गावी संत अंतोनीच्या चर्चच्या वार्षिक सणाची तयारी चालू होती. सजावटीसाठी आणलेली उंच लोखंडी शिडी काही जण मिळून हलवीत होते. ती वरच्या विजेच्या तारेला लागली. चौघेही तेथेच मरण पावले. सेवेसाठी पुढे झालेले हात होते ते. प्रत्येक धर्मग्रामात असे चार-पाच तरुण असतात, ज्यांना हाक मारावी लागत नाही. मांडव घालणे म्हटले की तेच पुढे, खुर्च्या उचलणे म्हटले की तेच पुढे. त्यांना शिडी देण्यापूर्वी वर पाहणे, हे त्यांना काम सांगणाऱ्याचे कर्तव्य आहे.

काय करावे

पहिली गोष्ट अशी, की या रविवारी मिस्सेनंतर घरी आल्यावर आपल्या घराभोवती एक फेरी मारावी आणि तार छपराला, नळाला, जिन्याला, झाडाच्या फांदीला कोठे टेकते ते पाहावे. जमिनीवरून पाहावे, छपरावर चढून नव्हे. टेकत असल्यास स्वतः काठीने सरकवू नये. परवानाधारक तारतंत्री किंवा वीज कंपनी यांनाच बोलवावे. 1912 या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. सर्व्हिस वायर आधाराच्या लोखंडी तारेवर बांधलेली असावी, छपरापासून उंच असावी आणि भिंतीत शिरते तेथे प्लास्टिकच्या नळीतून जावी. पत्रा आणि लोखंडी सांगाडा यांना चांगला भूसंपर्क करून घ्यावा आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तो मोजून घ्यावा. कपडे वाळविण्यासाठी धातूची तार न बांधता सुताची किंवा नायलॉनची दोरी बांधावी, आणि तिचे टोक विजेच्या खांबाला किंवा त्याच्या ताणतारेला कदापि बांधू नये.

दुसरी गोष्ट, झिणझिण्यांची. पत्र्याला, नळाला किंवा ओल्या भिंतीला हात लावताच बारीक झिणझिण्या येतात आणि आपण हसून म्हणतो, “थोडा करंट मारतो हो!” हा विनोदाचा विषय नव्हे. ते छपराचे शेवटचे पत्र आहे. आज चप्पल होती, जमीन कोरडी होती, म्हणून निभावले. जनावरे माणसाहून शहाणी असतात. गाय-म्हैस गोठ्यात शिरावयास अडते, तेव्हा तिला मारण्यापूर्वी गोठ्याच्या पत्र्याकडे पाहावे. मुख्य कळ बंद करावी, आणि तरीही झिणझिण्या राहिल्या तर बिघाड मीटरच्या अलीकडे, म्हणजे बाहेरच्या तारेत आहे असे समजून सर्वांना दूर करावे.

वाचविणाऱ्याने कसे वाचवावे

आणि तिसरी गोष्ट सर्वांत कठीण, कारण ती आपल्या हृदयाच्या ओढीविरुद्ध जाते. उत्तराखंडात चमोली येथे 19 जुलै 2023 रोजी अलकनंदेकाठच्या एका सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात आधी एक कर्मचारी विजेच्या धक्क्याने मरण पावला. ते ऐकून गावकरी आले, पोलीस आले. ते तेथे असतानाच लोखंडी कठड्यांत पुन्हा वीज उतरली. एकाच्या मागे आणखी पंधरा जण गेले.

भल्या शोमरोनी माणसाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. तो वाटेत पडलेल्याला पाहून पुढे गेला नाही, जवळ आला. येथेही जवळ जावयाचेच आहे, पण आधी वीज तोडून. मुख्य कळ बंद करावी. ती सापडत नसेल आणि तार घरगुती दाबाची असेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने माणसाला किंवा तारेला दूर करावे. तार 11 हजार व्होल्टची असेल, किंवा कोणती ते ठाऊक नसेल, तर निदान दहा मीटर दूर राहून लोकांना थोपवावे आणि वीज कंपनीला कळवावे. कारण पडलेल्या तारेभोवतीची जमीनही जिवंत असते आणि लांब पावले टाकणाऱ्याच्या दोन पायांतून प्रवाह जातो. अशा जागी सापडलेल्याने पाय जोडून, जमिनीला घासत, लहान लहान पावलांनी बाहेर यावे.

वीज तुटली, की त्या देहात ती उरत नाही. त्याला स्पर्श करण्यास भिऊ नये. श्वास चालत नसेल, तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोराने, मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे आणि 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. वीज “ओढून घेण्यासाठी” मातीत किंवा शेणात पुरण्याचा प्रकार मध्य भारतात अजून आढळतो. त्यात ज्या मिनिटांत प्राण वाचावयाचा, तीच वाया जातात. आणि माणूस उठून बसला तरी त्याला रुग्णालयात न्यावेच, कारण हृदयाचा ताल मागाहूनही बिघडू शकतो.

कठडा

जुन्या करारातील अनुवाद ग्रंथाच्या 22 व्या अध्यायात घर बांधणाऱ्याला एक साधी आज्ञा दिलेली आहे. नवे घर बांधशील तेव्हा छताला कठडा घाल, नाही तर वरून कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा तिचा अर्थ आहे. त्या देशात छते सपाट असत. लोक तेथे संध्याकाळी बसत आणि उन्हाळ्यात निजत, जसे माळव्यात आजही गच्चीवर निजतात. आज्ञा देणाऱ्याने असे म्हटले नाही, की येणाऱ्याने सांभाळून चालावे. त्याने घरधन्याला जबाबदार धरले. आणि ज्याचा पाय अजून घसरलेला नाही, जो कदाचित अजून पाहुणा म्हणून आलेलाही नाही, त्याच्यासाठी कठडा बांधावयास सांगितला.

छपरावरची तार वेळीच सावरणे हा आपल्या काळातील कठडा होय. तो बांधणाऱ्याचे कोणी आभार मानीत नाही, कारण जे घडले नाही ते कोणाला दिसत नाही. पहिल्या पावसात गृहिणी ओले कपडे दोरीवर टाकते आणि घरात परत येते. मुले पागोळ्यांखाली भिजतात आणि ओरडा खाऊन आत येतात. तरुण शिडी खांद्यावर घेऊन सणाची कमान उतरवितात आणि जेवावयास बसतात. घरधन्याने एवढे पाहिले, म्हणजे त्याला त्याचे फळ मिळाले.